पहिली बाईक: शोरूमला जाण्याआधी सीसी आणि विम्याचं गणित

भाच्याने भांडुपच्या शोरूममधून एका कागदाचा फोटो पाठवला. एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, ॲक्सेसरीज, ‘हँडलिंग’ (शोरूमचा वरचा आकार) आणि या सगळ्यांच्या मधोमध ‘इन्शुरन्स’ म्हणून पाच आकडी रक्कम. खाली त्याचा प्रश्न: "मामा, मी नवीन शिकलोय म्हणून जास्त लावलाय का?"

नाही. परदेशातल्या बाईकवाल्यांचे व्हिडिओ बघून पोरांचा असा समज होतो. तिकडे अठरा वर्षांच्या मुलाला विम्याचा हप्ता घाम फोडतो, पन्नाशीच्या माणसाला तीच बाईक निम्म्यात पडते, असं ती मंडळी सांगत असतात. आपल्याकडे सक्तीच्या विम्याचा दर लावताना वय, अनुभव, गेल्या महिन्यात किती वेळा पडलात, यातलं काहीच कोणी विचारत नाही. गाडीचं इंजिन किती सीसीचं आहे, म्हणजे किती क्षमतेचं, एवढंच विचारतात. भाच्याने डोळ्यासमोर ठेवलेली गाडी १६० सीसीची होती. तिच्या जागी त्याच धाटणीची १४९ सीसीची गाडी असती, तर त्या एका ओळीतले चार हजारांवर रुपये तिथेच वाचले असते.

म्हणून हा उलट्या बाजूने लिहिलेला लेख. आधी विमा समजून घ्या, मग गाडी बघा.

थर्ड पार्टी आणि ‘फर्स्ट पार्टी’

गॅरेजपासून शोरूमपर्यंत सगळीकडे हे दोन शब्द चालतात. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई. मोटार वाहन कायद्यानुसार ती सक्तीची आहे. ती नसताना पहिल्यांदा पकडलं तर २,००० रुपये दंड, पुन्हा पकडलं तर ४,०००, आणि दोन्ही वेळा तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद. समोरच्या माणसाला इजा झाली किंवा तो दगावला, तर त्या भरपाईला वरची मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवेल तेवढी रक्कम विमा कंपनी देते. त्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र दुचाकीला १ लाखाची मर्यादा आहे. सिग्नलला एखाद्या महागड्या मर्सिडीजच्या मागे उभे राहाल तेव्हा हा आकडा आठवावा.

बोलीतली ‘फर्स्ट पार्टी’ पॉलिसीच्या कागदावर ‘पॅकेज’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हणून येते. तिच्यात थर्ड पार्टी असतेच, शिवाय स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर. या दुसऱ्या भागाला ‘ओन डॅमेज’, थोडक्यात ओडी म्हणतात.

फरक इथे आहे की थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. कोणत्याही कंपनीकडे जा, तोच. तिथे घासाघीस नाही, ऑफर नाही. ओडीचा दर मात्र प्रत्येक कंपनी आपापला लावते, त्यामुळे तुलना करायची ती फक्त ओडीची.

१ जून २०२२पासून लागू झालेले थर्ड पार्टीचे वार्षिक दर असे: ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५च्या वर १५० सीसीपर्यंत ७१४, १५०च्या वर ३५० सीसीपर्यंत १,३६६ आणि ३५० सीसीच्या वर २,८०४. यावर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, तेव्हा अनेकांना वाटलं गाडीचाही गेला. गाडीच्या विम्यावर तो आहे तसाच आहे.

नवी गाडी घेताना हा दर एका वर्षाचा भरून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. तिचे आकडे: १५० सीसीपर्यंत ३,८५१, ३५०पर्यंत ७,३६५ आणि त्यावर १५,११७. भाच्याच्या कागदावरचा आकडा फुगला होता तो मुख्यतः यामुळे. पाच वर्षांचं एकाच दिवशी भरायचं आणि तेही वरच्या गटातलं.

दीडशेची रेघ

या पायरीला वेळ द्या, कारण पैशाचा मोठा निर्णय इथेच होतो.

१५० सीसी ही रेघ धरून बाजारातल्या गाड्या दोन्ही बाजूंना लावून बघा. रेघेच्या अलीकडे हिरोची स्प्लेंडर प्लस (९७.२ सीसी), होंडाची शाईन १००, शाईन १२५ आणि एसपी १२५, टीव्हीएसची रेडर १२५, हिरोची एक्स्ट्रीम १२५आर, बजाजची पल्सर १२५ आणि १५०, यामाहाची एफझी (१४९ सीसी). रेघेच्या जेमतेम पलीकडे यामाहाची आर१५ (१५५ सीसी), टीव्हीएसची अपाचे आरटीआर १६० (१५९.७), होंडाची युनिकॉर्न (१६२.७), बजाजची पल्सर एन१६०. एफझी आणि आर१५ एकाच कंपनीच्या, इंजिनात सहा सीसीचाच फरक, पण थर्ड पार्टीत जवळपास दुप्पट. नावात ‘१५’ आहे म्हणून आर१५ला दीडशेतली धरणारे मी पाहिलेत. नाव बघू नका, तांत्रिक माहितीच्या तक्त्यातला सीसीचा आकडा बघा.

दुसरी रेघ ३५०ची. रॉयल एनफिल्डची क्लासिक आणि हंटर ३४९ सीसीच्या, म्हणजे मधल्या गटाच्या अगदी काठावर. ट्रायम्फ स्पीड ४०० किंवा हिमालयन ४५० घेतली की वरच्या गटात गेलात. २२ सप्टेंबर २०२५पासून गाडीवरच्या जीएसटीचीही रेघ इथेच आहे. ३५० सीसीपर्यंत २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, त्यापुढे ४० टक्के. पहिली गाडी म्हणून ३५०च्या पलीकडे जाणाऱ्याला या लेखाचा फारसा उपयोग नाही, त्याने आपलं मन आधीच पक्कं केलेलं असतं.

आता तीन गाड्यांचं पहिल्या दिवसाचं बिल मांडू. ओडीसाठी मी जुन्या टॅरिफचे, म्हणजे पूर्वी सगळ्या कंपन्यांना एकच असलेल्या दरपत्रकाचे टक्के धरलेत. ते गाडीच्या विमा रकमेवर लागतात. मुंबईसारख्या शहरात पाच वर्षांच्या आतल्या गाडीला १५० सीसीपर्यंत १.७०८ टक्के, ३५०पर्यंत १.७९३, त्यावर १.८७९. आज कंपन्या याच्यावर सूट देतात, त्यामुळे तुमचा आकडा याहून कमी यायला हवा. ॲड-ऑन (जास्तीचे पैसे देऊन घ्यायची वरची कव्हर) आणि अपघात विमा यात नाही.

१२५ सीसी, विमा रक्कम ८५,००० धरली: ओडी १,४५२, पाच वर्षांची थर्ड पार्टी ३,८५१, जीएसटी ९५५. एकूण ६,२५८ रुपये.

१६० सीसी, विमा रक्कम १,२०,०००: ओडी २,१५२, थर्ड पार्टी ७,३६५, जीएसटी १,७१३. एकूण ११,२३०.

४०० सीसी, विमा रक्कम २,२०,०००: ओडी ४,१३४, थर्ड पार्टी १५,११७, जीएसटी ३,४६५. एकूण २२,७१६.

इलेक्ट्रिक घेणाऱ्यांसाठी सीसीऐवजी मोटरचे किलोवॅट मोजतात. ३ किलोवॅटपर्यंत वर्षाला ४५७, ३ ते ७ किलोवॅटला ६०७. दर पेट्रोलपेक्षा कमी आहेत, पण सोसायटीत चार्जिंग पॉइंट मिळेल का हा मुंबईतला मोठा प्रश्न आहे आणि तो विम्याचा नाही.

जाता जाता एक गैरसमज. "गाडी सातारच्या पत्त्यावर घे, मुंबईला इन्शुरन्स जास्त पडतो," असा सल्ला प्रत्येक घरातला एक काका देतो. टॅरिफमध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर वगैरे मोठी शहरं ‘झोन ए’मध्ये आणि बाकी देश ‘झोन बी’मध्ये होता, हे खरं. पण दीडशेच्या आतल्या गाडीला झोन बीचा दर १.६७६ टक्के. ८५,०००च्या गाडीमागे २७ रुपये वाचले. काकांना सांगा, एसटीचं तिकीट त्याहून महाग आहे.

मुंबईच्या रस्त्यावर किती ताकद लागते?

मोठी बाईक घ्यायला मन ओढतं तेव्हा डोळ्यासमोर मोकळा रस्ता असतो. मुंबईत जे रस्ते खरोखर मोकळे आहेत, तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, सगळीकडे बंदी. जे. जे. उड्डाणपुलावर बंदी. पुण्याला निघालात तर एक्स्प्रेसवेवर बंदी, जुन्या हायवेने जा. तुमच्या वाट्याला येतो एलबीएस मार्ग, सायन सर्कल, साकी नाका, आणि मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेट, ज्या पहिल्या पावसात साबणासारख्या होतात. इथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जायला मिळालं तर नशीब.

अशा रस्त्यावर नवशिक्याला उपयोगी पडतं ते कमी वजन, दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी सीट, हलका क्लच आणि खात्रीचा ब्रेक. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, १२५पर्यंत सीबीएस चालतं. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक व्हायचं ते होतंच. काही १२५ सीसी गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटला एबीएस मिळतं. माझ्या मते पहिल्या गाडीत जास्तीचे पैसे कुठे घालायचे तर इथेच. विम्याचा गट खालचाच राहतो आणि पावसात ब्रेकचा भरवसा मिळतो.

आणखी एक पाहणी करा, जी शोरूमवाला तुम्हाला सुचवणार नाही. नवशिक्याची गाडी पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी आडवी होते, बहुतेक वेळा उभ्या-उभ्या, पार्किंगमध्ये. म्हणून गाडी ठरवण्याआधी सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर जाऊन सहा गोष्टींचे भाव विचारा: आरसा, इंडिकेटर, ब्रेक लिव्हर, हेडलाइटचा पूर्ण सेट, साइड पॅनेल, टाकी. ज्या गाडीला पुढून-बाजूने प्लॅस्टिकची फेअरिंग, म्हणजे आवरण आहे, तिचा भाव ऐकून कळेल मी हे का सांगतोय. विम्यातही प्लॅस्टिक आणि रबरच्या भागांवर थेट ५० टक्के घसारा कापतात, गाडी महिनाभराची असली तरी. म्हणजे ६,००० रुपयांची फेअरिंग फुटली तर तीन हजार तुमचे. उघड्या अंगाची साधी कम्युटर गाडी पडली तर लेग गार्ड वाकतो. तो दोनशे-तीनशेत नाक्यावरचा मेकॅनिक सरळ करून देतो.

कागद कोणाच्या नावावर?

मराठी घरात बाईक बऱ्याचदा बाबांच्या नावावर घेतली जाते. कर्ज त्यांच्या नावावर, पगाराची स्लिप त्यांची, शिवाय जरा वचक राहतो. विम्याच्या बाजूने यात मोठी खोच आहे.

प्रत्येक गाडीमालकाला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा लागतो. त्याला ‘ओनर-ड्रायव्हर’चं पीए कव्हर म्हणतात. तो मिळतो गाडीच्या नोंदणीकृत मालकाला, तो स्वतः वैध लायसन्ससह चालवत असताना. गाडी बाबांच्या नावावर, चालवतोय मुलगा, आणि मुलगाच घसरून जायबंदी झाला, तर हा १५ लाखांचा विमा त्याच्या उपयोगाचा नाही. बाबांना दुचाकीचं लायसन्सच नसेल तर तो विमा त्यांच्यासाठीही निरर्थक. दरवर्षी क्लेम न केल्याबद्दल जमणारा नो क्लेम बोनसही मालकाच्या नावावर जमतो, चालवणाऱ्याच्या नाही. जो चालवणार, त्याच्याच नावावर गाडी घ्या. बाबांना कर्जात सहअर्जदार करता येतं. तुमच्याकडे आधीच १५ लाख किंवा त्याहून जास्तीचा स्वतंत्र अपघात विमा असेल, तर हा पुन्हा घ्यायची गरज नाही. शोरूमला तसं सांगा, पॉलिसी नंबर द्या.

लायसन्सचं ओघाने आलंच. गिअरच्या गाडीसाठी १८ वर्षं पूर्ण हवीत. सारथी पोर्टलवरून लर्निंग काढा, ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. तुमचं आरटीओ ताडदेव, अंधेरी, वडाळा की बोरिवली ते पत्त्यावर ठरतं. लर्निंगवर ‘एल’ची पाटी हवी आणि मागे मित्राला बसवायचं नाही. माझा आग्रह असा की पक्कं लायसन्स हातात आल्यावरच गाडीचं बुकिंग करा. लायसन्सच नसताना झालेल्या अपघातात कंपनी ओडीचा क्लेम नाकारते आणि थर्ड पार्टीची भरपाई दिली तरी ती नंतर मालकाकडून वसूल करू शकते. त्या वसुलीपुढे हप्त्यात वाचवलेलं काहीच नाही.

डबलसीट

ही गोष्ट इतक्या कमी लोकांना माहीत असते की वेगळी सांगतो. फक्त थर्ड पार्टीची पॉलिसी असेल तर तुमच्या मागे बसलेली व्यक्ती त्यात धरली जात नाही. तिला ‘तिसरा पक्ष’ मानत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल याच बाजूचे आहेत. पॅकेज पॉलिसीत मात्र मागे बसणाऱ्याची जबाबदारी कंपनीवर येते.

बायकोला स्टेशनवर सोडणं, आईला दवाखान्यात नेणं, हे ज्यांचं रोजचं आहे त्यांनी दोन-अडीच हजार वाचवायला नुसत्या थर्ड पार्टीवर राहू नये. हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे. वाहतूक पोलिसांनी जून २०२२पासून मुंबईत मागच्यावरही कारवाई सुरू केली, पण गल्लीत जायचं म्हणून मागच्याचं हेल्मेट घरीच राहतं, हेही रोज दिसतं.

शोरूममधला कागद वाचताना

डिलरच्या टेबलावर बसल्यावर तीन गोष्टी.

पहिली, विमा तिथूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. "सर, सिस्टिममध्ये बाहेरचा इन्शुरन्स घेतच नाही," हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. मलाही एका शोरूममध्ये ऐकवलं होतं. मी शांतपणे म्हटलं, तसं लेटरहेडवर लिहून द्या. अर्ध्या तासात सिस्टिम सुधारली. गाडीचं मॉडेल आणि एक्स-शोरूम किंमत घेऊन आदल्या रात्री दोन-तीन कंपन्यांच्या संकेतस्थळांवर भाव काढा आणि तो कागद सोबत न्या. बऱ्याचदा डिलरच तेवढ्यात द्यायला तयार होतो, आणि तसं झालं तर त्याच्याकडूनच घ्या, क्लेमच्या वेळी त्याचं वर्कशॉप कॅशलेस करून देतं. ‘हँडलिंग’ची ओळ त्याच बैठकीत काढायला लावा.

दुसरी, आयडीव्ही, म्हणजे वरच्या हिशेबातली विमा रक्कम. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम ती हीच. नव्या गाडीला ती एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असायला हवी. एक वर्षानंतर २० टक्के घसारा, दोननंतर ३०, तीननंतर ४०, चारनंतर ५०. हप्ता अचानक फारच स्वस्त दिसला तर आधी आयडीव्ही तपासा. ती खाली ओढून हप्ता कमी दाखवणं ही जुनी युक्ती आहे.

तिसरी, ॲड-ऑन. यादी लांबलचक असते. मुंबईतल्या नवशिक्यासाठी माझ्या लेखी दोनच कामाची. झिरो डेप, म्हणजे वर सांगितलेला प्लॅस्टिकचा घसारा कापला जात नाही. पहिली दोन वर्षं ते घ्याच, पडायची वर्षं तीच. फक्त वर्षाला किती क्लेम चालतात ते वाचा, बहुधा दोन. आणि दुसरं इंजिन प्रोटेक्शन.

या दुसऱ्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. हिंदमाताला गुडघाभर पाण्यात माझी गाडी बंद पडली. मागून बेस्टची बस आली, तिच्या लाटेने सायलेन्सर बुडाला. घाबरून मी सेल्फ मारत राहिलो, मग किका. इंजिनात पाणी शिरलेलं असताना पिस्टन वर ढकलला की पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. इंजिन उघडावं लागलं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने क्लेम नाकारला: पुराने झालेलं नुकसान विम्यात बसतं, पण पाण्यात गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेलं ‘परिणामी नुकसान’ बसत नाही. त्याचं बरोबर होतं, पॉलिसीत तसं छापलेलंच होतं. तेव्हा पाण्यात गाडी बंद पडली तर चावी काढा, ढकलत बाहेर आणा, फोटो काढा, टोइंग बोलवा. सेल्फला हात लावू नका. सायन, मिलन सबवे, अंधेरी सबवे यांच्या आसपास राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्शन डोळे मिटून घ्यावं.

चोरीची भीती असेल आणि बजेट असेल तर रिटर्न टू इन्व्हॉइसचा विचार करा, त्यात आयडीव्हीऐवजी बिलाची रक्कम मिळते. चाळीच्या तोंडाशी, उघड्या गल्लीत गाडी लावणाऱ्याला ते पटण्यासारखं आहे. गाडीच्या दोन्ही चाव्या मात्र जपून ठेवा. चोरीच्या क्लेममध्ये कंपनी दोन्ही मागते. एक चावी हरवलेली असली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. चोरी लक्षात आल्या आल्या पोलीस ठाण्यात एफआयआर आणि त्याच दिवशी कंपनीला कळवणं, यात ‘उद्या बघू’ नको.

गाडीवरून फूड डिलिव्हरी करायचा विचार असेल तर तो आधीच कंपनीला सांगा. खासगी पॉलिसीत भाड्याने किंवा मालवाहतुकीसाठी वापर बसत नाही. अर्धवेळ कामासाठी बाईक घेणाऱ्या कॉलेजच्या मुलांना हे कुणी सांगतच नाही.

जुनी गाडी घेणार असाल तर

पहिली गाडी सेकंडहँड घ्यावी, या मताचा मी आहे. पडायची ती जुनीवर पडा. पाच वर्षं जुन्या १२५ सीसी गाडीला एका वर्षाची थर्ड पार्टी जीएसटी धरून ८४३ रुपयांत होते, एकदम पाच वर्षांचे पैसे घालावे लागत नाहीत.

पण कागद नीट बघा. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख, कर्जाचा बोजा, थकलेले ई-चलन पाहून घ्या. मुंबईत ई-चलनांची रास हा किमतीत घासाघीस करायचा चांगला मुद्दा आहे. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लावलेली आहे का ते पाहा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या घ्या आणि नाव लगेच बदलून घ्या. विकणाऱ्याच्याही हिताचं आहे ते, कारण आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नाव असेपर्यंत अपघाताची जबाबदारी कायद्याने त्याच्या गळ्यात राहते. पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला विक्रीपासून १४ दिवस असतात. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर तुमच्याकडे येतोच, पण ओडीसाठी कंपनीकडे नाव बदललेलं नसेल तर क्लेम अडतो.

आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. "पन्नास टक्के एनसीबीवाली पॉलिसी आहे" असं सांगून कोणी चार पैसे जास्त मागत असेल तर हसून सोडून द्या.

क्लेम करायचा की नाही?

बोनसची शिडी अशी: पहिल्या विनाक्लेम वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५, ५०. एक क्लेम केला की शून्यावर. म्हणून सगळे सांगतात, लहान क्लेम करू नका. कारसाठी ते ठीक. दुचाकीला हिशेब करून बघा. ही सूट फक्त ओडीवर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. ओडी १,४५२ असेल तर २० टक्के म्हणजे २९० रुपये. त्यासाठी अडीच हजारांचा फोर्क (पुढच्या चाकाचे दांडे) स्वतःच्या खिशातून दुरुस्त करणं शहाणपणाचं नाही. इंडिकेटर फुटला तर सोडा, हँडल वाकलं तर क्लेम करा. पाच वर्षं शिडी चढून ५० टक्क्यांवर पोचलात की मग थोडं हात राखून.

दुसऱ्या वर्षीचा सापळा

पहिल्या वर्षाची पॉलिसी ‘एक अधिक पाच’ असते. ओडी एक वर्षाची, थर्ड पार्टी पाच वर्षांची. दुसऱ्या वर्षी पोलिसाने अडवलं, ॲपमध्ये विमा वैध दिसतो, दंड होत नाही, आणि माणूस निश्चिंत होतो. ओडी मात्र कधीच संपलेली असते. गाडी चोरीला गेल्यावर हे कळलेली दोन माणसं मला माहीत आहेत. २०१९पासून नुसती ओडी वेगळी घेता येते, दुसऱ्या कंपनीकडूनही. संपल्यावर ९० दिवसांच्या आत घेतली नाही तर बोनसही जातो, आणि खंड पडल्यावर कंपनी गाडीची तपासणी मागते.

भाच्याने शेवटी १६० सोडून एबीएसवाली १२५ घेतली. डिलिव्हरीच्या दिवशी मी सोबत गेलो, पेढ्यांच्या आधी पॉलिसी मागितली. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर वाकून जुळवला, सीसी बघितले, आयडीव्ही बघितली, नॉमिनीचं नाव बघितलं. नॉमिनी म्हणून त्याने आईचं नाव दिलं होतं, कागदावर ते बाबांचं पडलं होतं. तिथेच दुरुस्त करून घेतलं. मग हार घातला, लिंबू ठेवलं, आणि त्याच्या फोनमध्ये पुढच्या वर्षीच्या ओडीच्या तारखेचा अलार्म लावून दिला, पंधरा दिवस आधीचा.